दिसल्याशिवाय ओ नाही

मागच्या श्रावणापर्यंत देवाशी माझं बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं तर तेही नाही, कारण भांडायला समोर कोणी तरी लागतं. रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर बसायचे, देव पुसायचे, फूल वाहायचे आणि उठायचे. तोंडातून एक शब्द निघत नसे. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. हरसूलच्या बाजारपेठेत यांचं शिवणकामाचं दुकान. बाजाराच्या दिवशी मशीनवर बसले होते, कुणाच्या तरी सदऱ्याला काज करता करता मान खाली गेली ती वर आलीच नाही. आजार नाही, दुखणं नाही, सकाळी निघताना भाजीला मीठ कमी पडलंय एवढंच बोलून गेलेले. मला राग त्याचाच होता. न्यायचाच होता माणूस तर ने बाबा, तुझाच आहे तो. पण निदान आधी थोडी धूळ तरी उडवायचीस.

हे धुळीचं काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं माहेर येवल्याच्या पलीकडचं, उघड्या माळावरचं. तिथे नजर टाकली की ती जाते ती जातेच, अडवायला काही नाही. आमच्याकडे येणारा माणूस दिसायच्या आधी त्याची धूळ दिसते. आई ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेली असायची, सूप न थांबवता म्हणायची, "गाडी आपल्याकडेच वळतेय, आणि आत तुझी आत्या आहे. चहा टाक." आत्या दारात पाय ठेवायची तेव्हा चहा उतू जायच्या बेतात असायचा. पाऊससुद्धा आमच्याकडे सांगून येई. लांबून काळा पट्टा सरकत यायचा, आम्ही दोरीवरचे कपडे काढून घड्या घालून ठेवायचो, मग तो पडायचा. अशा मुलखात वाढलेल्या माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, की जे यायचं ते आधी दिसतं. आणि जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आईची सक्त ताकीद होती, मळ्यात एकटी असताना नुसत्या आवाजाला ओ द्यायची नाही, आधी तोंड दिसू दे. तिचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. सपाटीवर ज्याचा आवाज येतो पण माणूस दिसत नाही, तो कुठे तरी दडून बसलेला असतो. भल्या माणसाला दडायचं कारण काय?

असं शिकून मी लग्न होऊन हरसूलला आले. पहिल्या सकाळी दार उघडलं तर समोर आभाळ नव्हतंच, डोंगर होता. मान पार मागे टाकली तेव्हा कुठे आभाळाची एक चिंधी दिसली. मला वाटलं, हा डोंगर आता घरात येऊन बसणार. मागच्या बाजूलाही तेच. आणि माणसं! कोणी कोणाला दिसत नाही आणि सगळे सगळ्यांशी बोलतात. झऱ्यावरची बाई समोरच्या उतारावरच्या बाईशी भाजीपासून बाळंतपणापर्यंत सगळं बोलायची, मध्ये अख्खी दरी आणि झाडी. तिकडे आधी हाक येते, मग कधी तरी माणूस येतो, नाही आला तरी चालतं. हाक आली की ओ द्यायची हे तिथल्या पोराला बोलायच्या आधी येतं.

मला ते कधीच जमलं नाही. गावाबाहेर उतारावर आमची भाताची खाचरं आहेत. दुकान बंद करून हे संध्याकाळी तिकडे चक्कर टाकायचे आणि निघताना वरून हाक द्यायचे, "होऽऽ". म्हणजे आलो, चहा टाक. मी ओ द्यायचे नाही. अंगणात यायचे, डोळ्यांवर हात धरायचे आणि झाडीत यांची पांढरी टोपी शोधत उभी राहायचे. टोपी दिसली की आत जाऊन चहा टाकायचे, तोवर हे दारात. आमच्या संसारात चहा कधी वेळेवर झाला नाही. "देव जरी हाक मारत आला ना," हे पायरीवर पाय धूत म्हणायचे, "तरी तू आधी खिडकीतून बघशील कोण आहे ते." मी म्हणायचे, "बघणारच. दिसल्याशिवाय ओ नाही." आमचं हे ठरलेलं बोलणं होतं. लेक मात्र यांच्यावर गेली. डोंगरात वाढलेली, आता नाशकात सातव्या मजल्यावर राहते आणि स्वयंपाकघरातून गॅलरीतल्या नवऱ्याला अशी हाक मारते की खालचा वॉचमन ओ देतो. हे गेल्यावर तिने लाख सांगितलं, "आई, इकडे ये. इथून बघ किती लांबचं दिसतं, तुला आवडेल." मी जाऊनही आले थोडे दिवस. लांबचं दिसलं खरं. पण जे बघायचं होतं ते काही त्यात नव्हतं, म्हणून परत आले.

परत आले आणि घरात एकटी. दिवस कसाही जातो; भांडी आहेत, अंगण आहे, दुकानातलं उरलंसुरलं कापड आहे. संध्याकाळची ती हाकेची वेळ जात नसे. त्या वेळी मी रेडिओ मोठा करायचे, नाहीतर मिक्सर लावायचे. मिक्सरमध्ये घालायला रोज काय असतं? एकदा नुसतेच शेंगदाणे फिरवत बसले, त्यांचं तेल सुटेपर्यंत.

दर श्रावणात हे ब्रह्मगिरीची फेरी करायचे. त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करायचं आणि डोंगर उजव्या हाताला ठेवून त्याला पूर्ण वळसा घालून पुन्हा त्र्यंबकला यायचं. दर वर्षी मला विचारायचे, मी दर वर्षी म्हणायचे, "तुमच्या डोंगराला तुम्हीच घाला फेऱ्या, माझ्या तर दारातलाच घरबसल्या अंगावर येतो." मागच्या श्रावणात मीच निघाले. भक्ती उचंबळून आली म्हणून नाही. यांची फेरी इतकी वर्षं कधी चुकली नव्हती, ती माझ्या डोळ्यांदेखत चुकावी हे बरं वाटेना. सोमवारची गर्दी नको म्हणून मधलाच एक वार धरला. यांची काठी घेतली, सकाळच्या जीपने त्र्यंबकला उतरले, स्नान केलं. मनात काही मागणं नव्हतं. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा, एवढी एकच गोष्ट यांच्या तोंडून ऐकलेली. हे म्हणायचे, मग चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.

चुकता येतं. सुरुवातीला चांदवडकडच्या बायकांचा एक घोळका सोबत होता. त्यांचं भजन चाललं होतं आणि मला म्हणवत नव्हतं, म्हणून मी मुद्दाम मागे मागे राहिले. बारीची खिंड ओलांडून पुढे आले आणि धुकं उतरलं. हळूहळू दाटत वगैरे आलं नाही, डोंगराच्या मागून आलं आणि बसलं. घोळका गेला, भजनाचा आवाज गेला, आणि मग उजव्या हाताचा डोंगरही गेला. एवढा मोठा ब्रह्मगिरी, आणि तिथे काही नाही. मी उजवा हात लांब करून पाहिला, इतकी वेडी झाले होते.

पुढे वाटेला दोन फाटे होते. एक झाडीत शिरत होता, काळोखा, ओला, वर फांद्या मिटलेल्या. दुसरा डावीकडे मोकळ्यात जात होता, तिकडे धुकं पांढरंशुभ्र, उजेडाचं. डोंगरातलं लहान पोरसुद्धा झाडीकडे वळलं असतं. मी माळावरची. माझ्या डोळ्यांना लहानपणापासून एकच ठाऊक, की मोकळं ते सुखरूप, तिथून लांबचं दिसतं, तिथे कोणी दडत नाही. मी उजेडाकडे वळले. थोडं गवत लागलं, मग गवत संपून ओला कातळ लागला, शेवाळलेला. वारा समोरून यायच्या ऐवजी खालून वर यायला लागला. काठीचं टोक एका दगडाला लागलं, दगड घरंगळला आणि त्याचा आवाज बंद झाला. मी कान देऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने, खूप खालून, तो कुठे तरी आपटला.

मी होते तिथेच खाली बसले. मागे वळायला जावं तर कातळावर पाय सरकेल, आणि मागे म्हणजे नक्की कुठे तेही आता कळेना. फोन काढला, रेंज नव्हती. सगळीकडे तोच पांढरा उजेड, ज्याच्यावर विश्वास ठेवून मी इथवर आले होते. मला लहानपणी भीती वाटायची ती अंधाराची. उजेडाची भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. हे गेल्यापासून एकटेपण रोजचं होतं, पण त्या एकटेपणात भांडी होती, भिंती होत्या. इथे मी मेले असते तर माझ्यासाठी चहा टाकणारं कोणी नव्हतंच, पण मी कुठे गेले हेही कोणाला कळलं नसतं. मी रडले. आणि वर्षभर ज्याच्याशी बोलले नव्हते त्याला रागाने म्हणाले, "दिस ना आता. एकदा तरी दिस."

दिसलं काहीच नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग लांबून, मागच्या बाजूने आवाज आला.

"होऽऽ! कुणी हाय काऽऽ?"

बाईचा आवाज होता, जाडाभरडा. तुम्ही म्हणाल, मी आनंदाने ओरडले असेन. नाही ओरडले. ओठ घट्ट मिटलेले. माणूस दिसत नव्हतं ना. कड्यावर बसलेली, जीव मुठीत धरलेली बाई मी, आणि तिथेही डोळ्यांवर हात धरून धुक्यात तोंड शोधत होते. लहानपणी शिकलेलं किती खोल गेलेलं असतं, ते मला तेव्हा कळलं. आवाज पुन्हा आला, तोच, पण आता जरा लांबून. ती चालली होती. आणखी थोडी पुढे गेली असती की संपलं. आणि मला यांचा आवाज आठवला. हाकेचा नव्हे, पायरीवर पाय धुतानाचा, चेष्टेचा. देव जरी हाक मारत आला ना.

मी डोळे मिटले आणि ओ दिली.

पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा निघाला. तो माझा आहे हे मलाच ओळखू येईना. तिकडून घाईघाईने उत्तर आलं, "हलू नको! बसलीस तशीच बस. कड्यावर हायेस तू!"

"मला काही दिसत नाही हो," मी ओरडले.

"बघायचं काय हाय त्यात? माझ्या आवाजाकडं तोंड कर. काळं काळं लागतं का?"

मी वळून पाहिलं. धुक्यात झाडीचा काळसर डाग तेवढा होता, मघाशी जिच्याकडे पाठ फिरवली तीच झाडी. "हो, काळं आहे."

"तेच. तिकडंच ये. उजेडाकडं जाऊ नको, तिकडं डोंगर सरतो. आन् हाकंला ओ देत ऱ्हा."

मी उभी राहिले नाही. हातापायांवर, लहान मुलासारखी रांगत निघाले. ती हाक द्यायची, मी ओ द्यायचे, मग थोडं सरकायचे. कातळ संपून हाताला गवत लागलं तेव्हा मी त्या गवताला धरून राहिले. तिने पुन्हा हाक दिली. काळोख जवळ येत गेला आणि पहिल्यांदाच आयुष्यात मला काळोख जवळ येतोय याचं बरं वाटलं. एक हात पुढे आला, खरखरीत, हिरव्या बांगड्यांचा. त्याने मला दंडाला धरून उभं केलं.

डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेली, पायाशी गवताचा भारा टाकलेली बाई. माझ्याच वयाची असेल. मला वरून खाली न्याहाळत म्हणाली, "शेरातली हायेस व्हय?"

"नाही, हरसूलची."

"हरसूलची आन् कड्यावर गेलीस?" तिला ते पटेना.

"माहेर सपाटीवरचं आहे माझं."

"मंग बराबर," असं म्हणून ती अशी खळखळून हसली की मलाही, रडत रडत का होईना, हसू आलं. तिने पदराची गाठ सोडली, नागलीची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. कोरडी, थंड भाकरी. तशी चव मला पुन्हा लागली नाही.

खाता खाता मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो मी तिथे आहे?"

"मला काय कळतं? धुकं असलं का या वळणावर हाक टाकायची. सासू टाकायची, मी बी टाकते."

"मग पुष्कळ माणसं सापडली असतील."

"नाय बा," ती म्हणाली. "कुणीच ओ दिली नाय आजवर. तूच पयली."

"कोणी ओ देत नाही, तरी टाकता?"

"हाक टाकायला काय जातंय? असलंच कुणी तर?" तिने भारा डोक्यावर घेतला, मी हात लावला.

वाटेला लावून ती तिच्या पाड्याकडे वळली. पावलाभरात धुक्यात दिसेनाशी झाली, पण हाक येत राहिली आणि मी ओ देत चालत राहिले, डांबरी रस्ता पायाला लागेपर्यंत. तिथे आवाज थांबला. मी नाव विचारायचंही विसरले होते. आणि त्याच वेळी धुकं उठलं. मी उजवीकडे पाहिलं. ब्रह्मगिरी तिथेच होता, माझ्या उजव्या हाताला, धबधबे अंगावर घेऊन, थेट आभाळापर्यंत. इतकी वर्षं डोंगर म्हटलं की अंगावर येतो म्हणून मी तोंड फिरवत होते, आता त्याच्यासमोर मी रस्त्यातच बसले आणि डोकं टेकलं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून मला बाजूला व्हायला लावलं.

ती बाई कोणी देवी होती, असं मी म्हणत नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या, दातांना मिश्री होती आणि निघताना आपला विळा विसरलाय म्हणून तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, नशीब समज." समजते. मला वाद घालायचा नाही. मला एवढंच सारखं वाटत राहतं, की ती हाक माझ्यासाठी नव्हती आणि माझ्यासाठीच होती. मी जन्मायच्या आधीपासून कोणी तरी त्या वळणावर हाक टाकत होतं, ओ येते की नाही याचा हिशोब न ठेवता. मी सारखी म्हणत होते की देव दिसत नाही, आधी सांगत नाही, धूळ उडवत नाही. माझा देव मी माझ्या माळावरून शोधत होते. माळाचं चुकलं असं नाही, त्याने मला लांबचं बघायला शिकवलं, आईच्या हाताला चव दिली. पण सगळंच काही लांबून दिसत नाही. काही गोष्टींना न बघताच ओ द्यावी लागते, आणि ती दिल्यावरच पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. आपण सोपवून दिलं असं म्हणतो, त्याचा अर्थ मला कड्यावर रांगताना थोडासा लागला.

एकटेपण गेलं असं सांगितलं तर खोटं होईल. घर तेवढंच आहे, मशीनवर मी फडकं घालून ठेवलंय. धुकं असेल तेव्हा खाचरांच्या वरच्या वळणावर जाते आणि हाक टाकते. अजून कोणी ओ दिलेली नाही, त्याचं मला काही वाटत नाही. आणि ती संध्याकाळची वेळ येते, चहाची. आता मी रेडिओ लावत नाही. चहा आधीच टाकते, आणि तो उकळतोय तोवर अंगणात येऊन उभी राहते. डोळ्यांवर हात धरत नाही, झाडीत टोपी शोधत नाही. समोरचा डोंगर हळूहळू काळा होत जातो. हाक येते की नाही, आली तर यांची की देवाची, हे मी ठरवत नाही. मी आपली ओ देते.